कागदावरचे पेशंट

१२ सप्टेंबर

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते नेहमीसारखे घे. आधी कामाचं बोलतो, नाहीतर मी भरकटतो.

पलीकडच्या खिंडीतल्या निवाऱ्यात काय झालं ते तुला कळलं का? इकडे बस वळते तिथे सगळे तेच बोलतायत. एक पायी जाणारा घसरून आला, मनगट मोडलेलं. तिथल्या राखणदाराने पट्टी बांधली, चहा दिला, झोपा म्हणाला. माणूस झोपला तो उठलाच नाही. डोक्याला मागून मार होता, केसांखाली. कुणी बघितलंच नाही. मनगटाची पट्टी म्हणे इतकी सुबक होती की डॉक्टरनेही नावाजली.

हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. तूही तशीच एकटी, तशाच निवाऱ्याची राखणदार. तुझा प्रथमोपचाराचा वर्ग होऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर तू काय केलंस? लोकांच्या पायाचे फोड. करवतीच्या कारखान्यात माझी हयात गेली, मला एवढं कळतं की धार न लावलेली करवत लाकूड कापत नाही, फाडते.

म्हणून मी ठरवलंय. दर आठवड्याला तुझं सामान वर आणणाऱ्या खेचरवाल्याबरोबर तुला एक पेशंट पाठवीन, कागदावरचा. वर्गात मिळालेली पुस्तिका तू इथेच विसरून गेलीस, ती मी वाचून काढली. सातवीपर्यंतच शिकलोय, पण काळजी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. वाईट काय काय होऊ शकतं ते मला आपोआप सुचतं. तुझी आई म्हणते, "बाबा, काळजीचा पगार मिळत असता तर आपण माडी चढवली असती."

पहिला पेशंट. पन्नाशीची बाई, ओढ्यात दगडावर बसलेली. गुडघ्यातून रक्त. म्हणते, काही नाही हो, जरा घसरले. बस, एवढंच सांगणार. बाकीचं तू विचार.

तुझा आजोबा

*

१९ सप्टेंबर

प्रिय आजोबा,

नमस्कार. तुमची बाई आठवडाभर ओढ्यात बसून आहे, आता तिला बाहेर काढते.

तुम्हाला वाटलं मी गुडघ्यावर झडप घालीन. नाही. आधी उभी राहून वर बघीन, दगड सुटतायत का, पाणी वाढतंय का. मी पण पडले तर दोन पेशंट. मग श्वास नीट आहे का, कुठे भळाभळा रक्त जातंय का, मान दुखते का. ते ठीक असलं की गुडघा थोडा वेळ विसरायचा आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग चाचपायचं. डोकं, मान, छाती, पोट, कंबर, पाय. नाडी मोजायची, श्वास मोजायचे, कातडी गरम की गार ते बघायचं. लिहून ठेवायचं आणि थोड्या वेळाने परत सगळं मोजायचं. एकदा मोजलं तर नुसता आकडा कळतो, दोनदा मोजलं तर माणूस कुठे चाललाय ते कळतं. हे वर्गातलं वाक्य आहे, माझं नाही.

आणि मी विचारीन: बाई, पडलात म्हणून चक्कर आली, की चक्कर आली म्हणून पडलात? काही आजार? औषध? शेवटचं कधी खाल्लं?

आता तुमचे आकडे द्या.

इथे पंधरा दिवसांत एकही वाटसरू फिरकलेला नाही. परवा मी पिठाच्या पोत्याची नाडी बघत होते. लागली नाही.

भिंगरी

*

२६ सप्टेंबर

भिंगरे,

तू सुटलीस. बाईला मधुमेह आहे, सकाळी औषध घेतलं आणि न खाताच निघाली. साखर उतरली म्हणून पडली. तू विचारलंस म्हणून कळलं, नाहीतर गुडघा बांधून चालायला लावलं असतंस आणि ती कोसळली असती. मला वाचून इतकं बरं वाटलं की मी पत्र शेजारच्या शिंपिणीला वाचून दाखवलं.

पण एक सांगू? तुझं उत्तर आरामात पाय पसरून लिहिलेलं वाटतं. खरा माणूस समोर तडफडत असेल तेव्हा तुझा हात थरथरेल. त्या थरथरत्या हाताला सवय हवी. तुझ्याकडचा वायरलेसचा खांब वाऱ्याने पाडला, निवाऱ्यांची कचेरी म्हणते उन्हाळ्याच्या आधी बसणार नाही. म्हणजे वेळ आली तर तू कागदावर निरोप लिहिणार, खेचरवाला तो माझ्याकडे आणणार आणि मी बचावपथकाला फोन लावणार. दुसरा मार्ग नाही. तोच कागद तुला डोळे मिटून लिहिता आला पाहिजे.

तर यापुढे सराव सरावासारखा करायचा नाही. पाकिटावर "लगेच" लिही. पत्राच्या डोक्यावर "हा सराव नाही" असं लिही. थोडक्यात लिही, आणि शेवटी खालच्या पथकाला काय हवं ते लिही. अगदी खरं वाटलं पाहिजे. मला घाबरव. मी घाबरलो तर तू पास.

थंडीत कानाला बांधत जा.

आजोबा

*

१७ ऑक्टोबर

आजोबा,

तुमच्या हुकुमाप्रमाणे मधमाशा चावलेली बाई सोबतच्या कागदावर आहे. वर "हा सराव नाही", पाकिटावर "लगेच", खाली "आजोबा, लवकर" हे माझ्या पदरचं. आता घाबरा.

खेचरवाला आपल्या खेळाला पार विटलाय. पिशवी टेकवायच्या आत विचारतो, "आज कोण मेलं?" मी म्हटलं, कुणी नाही, अजून तपासतेय. तर म्हणे, "तुमचे पेशंट वाहून माझ्या खेचरांची पाठ मोडली. त्यांच्यासाठी पण काही औषध असेल तर बघा."

कानाला बांधते. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता का?

भिंगरी

*

७ नोव्हेंबर

हा सराव नाही.

पुरुष, साधारण पंचेचाळीस, दंतवैद्य, एकटाच आलेला. सकाळी डोंगराच्या धारेवरून घसरला, डावी बाजू दगडावर आपटली. चालत निवाऱ्यात आला. उजवं कोपर फाटलेलं, पट्टी बांधली. शुद्धीवर, बोलतो, थट्टा करतो.

नाडी ८८. अर्ध्या तासाने १०४. आता ११८.

श्वास आधी सावकाश, आता भरभर. कातडी आधी गरम, आता गार आणि ओलसर, ओठ फिके. डावा खांदा दुखतो म्हणतो, खांद्याला मार नाही. पोट डावीकडे कडक, हात लावू देत नाही.

अंदाज: पोटात आतून रक्त जातंय.

आडवं झोपवलंय, गुंडाळलंय, खाणं-पिणं बंद.

हवं: पथक, स्ट्रेचर, सोबत डॉक्टर. चालवत आणता येणार नाही.

आजोबा, लवकर.

*

७ नोव्हेंबर, दिवेलागण

भिंगरे,

वा! या वेळी माझी वाट न बघता केस तूच रचलीस आणि मला घातलीस. अस्सल! दंतवैद्य तर झकास. माझ्या डोक्यात असा पेशंट आलाच नसता.

दहापैकी नऊ. फाटलेलं कोपर पुढे ठेवून पोट मागे लपवलंस, त्या मनगटवाल्यासारखं. खांद्याचं छान घातलंस. पुस्तिकेत ते बारीक अक्षरात आहे, पोटात डावीकडे असते ती प्लीहा फुटली की डावा खांदा उगाच दुखतो. मला वाटलं तू विसरली असशील. नाडीचे आकडे पण कसे चढवत नेलेस. आणि शेवटचं "आजोबा, लवकर" वाचून खरंच पोटात गोळा आला. एक मार्क कापला तो अक्षराला. कोंबडीचे पाय उमटल्यासारखं लिहिलंयस.

आता मी उत्तर देतो. मी असतो तर काय केलं असतं? आडवं झोपवलं असतं. ते तू लिहिलंस. गुंडाळलं असतं. तेही लिहिलंस. परत नाडी मोजली असती, तीही मोजलीस. मग मला काय विचारलंयस? परत वाचतो.

तू काहीच विचारलेलं नाहीस. कोडं घालणारा काहीतरी विचारतो. बाईचं कोडं मी घातलं तेव्हा "तू विचार" म्हटलं होतं. या कागदात प्रश्नच नाही. नुसतं सांगितलंय आणि हवं म्हटलंय आणि

*

१२ नोव्हेंबर

आजोबा,

काल पथकाच्या प्रमुखाकडून कळलं असेलच, पण माझ्या हातचं हवं म्हणून लिहिते. दंतवैद्य जगला. प्लीहा काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काढायला माणूसच उरला नसता.

पथक पहाटे पोचलं. तोवर मी एकटी होते. दर थोड्या वेळाने मोजत राहिले. १२४. १३०. त्यानंतर मनगटाशी नाडी लागेना, गळ्याशी बोटं ठेवून मोजली. तो शुद्धीत होता तोवर बोलत होता. म्हणाला, "मी रोज लोकांना दुखणार नाही म्हणून सांगतो आणि खोटं बोलतो. तुम्ही मात्र खरं सांगा." मी म्हटलं, दुखेल. म्हणाला, "तुम्ही माझ्या दवाखान्यात चालणार नाही." मग बोलणं थांबलं. मग मीच बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही. तुमच्या ओढ्यातल्या बाईची गोष्ट सांगितली एवढं आठवतं.

तुम्ही फोन लावलात म्हणून तो वाचला. निरोप मिळताक्षणी धावला असाल, तुमचा जीव मला माहीत आहे. प्रमुख म्हणाले, फोन अंधार पडल्यावर आला, उजेडात आला असता तर कड्याच्या वाटेने वर चढलो असतो, अंधारात खालून वळसा घ्यावा लागला. मला वाटतं खेचरवालाच रमतगमत गेला. त्या दिवशी त्याचं मागचं खेचर लंगडत होतं, पण पाकिटावर "लगेच" लिहिलं होतं ना? मी धावत त्याला वाटेत गाठलं, पाकीट हातात दिलं, म्हटलं, काका, लवकर. तो हसला. कचेरीने अहवाल मागितलाय. त्यात मी उशिराचं त्याच्या नावावर लिहिणार आहे. मला वाईट वाटतंय, पण माणूस मरत होता.

भिंगरी

*

१५ नोव्हेंबर

भिंगरे,

अहवाल पाठवू नकोस. पाठवला असशील तर मागे घे. खेचरवाल्याचा काही दोष नाही.

तो उजेडातच आला होता. लंगडं खेचर मागे सोडून आला, नेहमीपेक्षा लवकर. दारातून ओरडला, "आज कोण मेलं?" मी म्हटलं, ठेव तिथे खिडकीत. तो म्हणाला, "लगेच म्हणालीय." मी म्हटलं, ती नेहमीच म्हणते. तोही हसला, मीही हसलो. त्याने दंतवैद्याला पाहिलं होतं, पण तेव्हा तो चहा पीत विनोद करत होता, म्हणून त्यालाही वाटलं आपला खेळच.

मग मी दाढी केली. शिंपिणीचं रीळ सोडवून दिलं. मग चष्मा शोधला. मग पाकीट उघडलं, वाचलं आणि पेन्सिल घेऊन मार्क द्यायला बसलो. बाहेर उजेड होता तो मी तसा जाऊ दिला. कळलं तेव्हा फोनपर्यंत कसा गेलो ते मला आठवत नाही. पथकाच्या प्रमुखाला त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या वेळी अर्धवट राहिलेलं पत्र सोबत ठेवतो. ते तुला दाखवू नये असं आठवडाभर वाटत होतं. पण ते माझ्याजवळ ठेवून तुझे आभार मी कसे घेऊ?

"हा सराव नाही" असं लिहायला मीच लावलं. खरं बोलायला तुझ्याकडे शब्दच ठेवले नाहीत मी.

आजोबा

*

६ डिसेंबर

भिंगरे,

खेचरवाला तीन खेपा रिकामी पिशवी घेऊन आला. मी विचारतो, काही आहे? तो म्हणतो, "सामानाची यादी आहे, कचेरीची." आता तो दारातून ओरडत नाही. टकटक करतो. ते मला ऐकवत नाही.

मी पेशंट पाठवत नाही. तू बरी आहेस एवढं एक ओळ लिही. लिहायचं नसेल तर खेचरवाल्याजवळ सांग, तो सांगेल.

तुझ्या आईला मी कळवलंय. ती रडली. मग म्हणाली, "बाबा, जेवलात का?" खोटं सांगितलं.

आजोबा

*

११ डिसेंबर

आजोबा,

बरी आहे. ही झाली एक ओळ.

राग आला होता आणि अजून पूर्ण गेलेला नाही. खोटं कशाला लिहू. "आजोबा, लवकर" हे मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं, आणि तुम्ही त्याला "पोटात गोळा आला" म्हणून शाबासकी दिलीत. ते वाचून तुमचं अर्धं पत्र चुलीत घालणार होते. घातलं नाही. मग रोज वाचत बसले, आणि वाचता वाचता मला दुसरंच दिसायला लागलं.

तुम्ही लिहिलंयत, कोपर पुढे ठेवून पोट मागे लपवलंस. आजोबा, मी लपवलं नव्हतं. पहिल्या तपासणीत मी पोटावर हात ठेवलाच नाही. कोपरातून रक्त गळत होतं, ते बांधलं. छान बांधलं. डोकं बघितलं, मान बघितली, बरगड्या शर्टावरूनच दाबल्या. तो म्हणाला ठीक आहे, मी म्हटलं ठीक आहे. परक्या माणसाचा शर्ट वर करायचा, उघड्या पोटावर बोटं ठेवायची, मला लाज वाटली. तोवर खेचरवाला अंगणात चहा पीत होता. दुसऱ्यांदा नाडी मोजली, ती चढलेली दिसली, तेव्हा कुठे शर्ट वर केला, आणि पोट लाकडासारखं लागलं. तोवर खेचरवाला वळणापलीकडे गेला होता. पहिल्यांदाच हात ठेवला असता तर तो माझ्या शेजारी उभा असता. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असतं आणि खाली येऊन तुमच्या दारात थट्टा केली नसती.

कागदावर मी तुमच्या प्रत्येक पेशंटचं पोट तपासलं. "पोट चाचपलं" एवढं लिहिलं की झालं. तुम्हीही मार्क दिलेत. कागदाला पोट नसतं हे आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

अहवालात दोन्ही लिहिलंय, माझा हात आणि तुमची पेन्सिल. खेचरवाल्याच्या नावावर काही नाही. त्याला ते वाचूनही दाखवलं. तो म्हणाला, "माझं हसणं पण लिहा." म्हणून तेही लिहिलं.

दंतवैद्याने निरोप पाठवलाय की वसंतात परत येणार, निम्म्या वाटेपर्यंत तरी, आणि माझे दात फुकट बघणार. त्याला सगळं कळवलंय. त्याचं उत्तर एवढंच आलं, "मी पण तेव्हा विनोद करण्याऐवजी पोट दुखतंय म्हणून सांगायला हवं होतं."

बर्फ पडायला लागलंय. पुढच्या आठवड्यात निवारा बंद होईल आणि मी खाली येईन. महिनाभर राहीन. कागद नको, आजोबा. मला माणसं हवीत. जाडी, बारीक, म्हातारी, ओरडणारी. जमिनीवर झोपणारी. कुठे दुखतंय ते न सांगणारी. माझे हात लाजायचे थांबले पाहिजेत.

आणि आपल्यातला एक शब्द ठरवायचाय, जो खेळात कधीच वापरायचा नाही. तो मी आल्यावर तुमच्या कानात सांगीन. लिहिणार नाही.

भिंगरी

*

१६ डिसेंबर

भिंगरे,

पत्र मिळालं. लगेच उघडलं. दारातच उघडलं, खेचरवाला तिथेच उभा होता. मी म्हटलं, ती येतेय. तो म्हणाला, "मग आता रडताय कशाला, घर आवरा."

आवरलं. मधली खोली रिकामी केली, सतरंजी टाकली. माणसं जमवतोय. शिंपीण तयार आहे, तिचं पोट मोठं आहे आणि तिला ते मान्य आहे, फक्त नवऱ्यासमोर नको म्हणते. खेचरवाला झोपायला तयार आहे, पण म्हणतो पाय मोडल्याचं सोंग करणार नाही, अपशकुन होतो, बरगडी चालेल. पोस्टमनला गुदगुल्या होतात. तो हसला की नाडी चढते, तर त्याला घ्यावं की नको? मला वाटतं घ्यावा. खरा पेशंटही हसतो, हे आता कळलंय. पथकाचा प्रमुख म्हणाला दोन पोरं पाठवतो, आणि मग जरा थांबून म्हणाला, मी पण येतो, आमच्याही हातांना गंज चढलाय. जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पहिला मी झोपणार आहे. म्हाताऱ्याचं पोट वेगळं लागतं, ते तुला माहीत असलं पाहिजे. मी तुला काही सांगणार नाही, कुठे दुखतंय, कधीपासून, काही नाही. तूच शोध. शर्ट मी स्वतः वर करणार नाही, तो तुला करायचा आहे.

एकच विनंती. बर्फातून येशील, आत आल्यावर आधी चुलीपाशी बस. माझ्या पोटाला हात लावायच्या आधी हात चांगले शेकून घे.

आजोबा